वणीहून पशुपतीला, मतदार कार्डावर

भारतात कुणाचाही पासपोर्ट हातात घ्या, त्याची कोरी पुस्तिका नाशिकरोडला छापलेली असते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हे कारखान्याचं पूर्ण नाव. नाशिककर नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. ‘तो प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की सोयरीक जुळवणाऱ्यालाही पुढचं विचारावं लागत नाही. १९२५ साली हा छापखाना सुरू झाला. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून बोटीने यायची. पासपोर्ट मुंबईत मिळालेला असो की गुवाहाटीत, सर्वसामान्यांचा गडद निळा असो, सरकारी कामाचा पांढरा असो की राजनैतिक अधिकाऱ्याचा मरून, पुस्तिका इथलीच. आता चिप बसवलेले ई-पासपोर्टही इथेच तयार होतात.

या प्रेसपासून पन्नासेक किलोमीटरवर वणी आहे. दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षांच्या मुलखातलं गाव. सप्तशृंगीच्या गडाला जाणारी वाट इथूनच वर चढते. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांमधलं अर्धं पीठ ते हेच. या पट्ट्यातली म्हातारी-कोतारी माणसं आयुष्यात एकदा तरी मोठी यात्रा करतात: काशी, अयोध्या, आणि जमलं तर पुढे नेपाळात पशुपतिनाथ. काठमांडूत पशुपतिनाथाच्या जवळच, बागमतीच्या काठी, गुह्येश्वरी आहे; तेही शक्तिपीठच. अर्ध्या पीठाच्या पायथ्याहून निघालेली बाई दुसऱ्या देशातल्या पीठापुढे हात जोडून परत येते, आणि तिच्याकडे पासपोर्ट नसतो. कधी काढलेलाच नसतो. पिशवीत असतं ते मतदार ओळखपत्र, ज्यावर तिने ग्रामपंचायतीला मत दिलं तेच.

ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचं नवल वाटणं थांबलंय. मला ते अजून वाटतं. साऱ्या देशाचे पासपोर्ट ज्या जिल्ह्यात छापले जातात, त्याच जिल्ह्यातला माणूस त्याच्याशिवाय सरहद्द ओलांडतो आणि त्यात बेकायदा असं काही नसतं. हे चालतं कसं?

गोरखपूरहून साधारण शंभर किलोमीटरवर सोनौली आहे. नाशिकरोडहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बस किंवा जीप. सोनौलीला रस्त्यावर कमान लागते, मालट्रकांची लांबच लांब रांग लागते, अलीकडे सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात. युरोपातून किंवा जपानातून लुंबिनीला निघालेला प्रवासी इथे थांबतो. त्याला आधी भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो, मग पलीकडे नेपाळचा व्हिसा. त्याच रस्त्यावरून, त्याच्या शेजारून, सायकलवर भाजीची टोपली बांधलेला माणूस पलीकडे जातो, शाळेतली मुलं अलीकडे येतात आणि आपल्या यात्रेकरूंचा घोळका कार्डं हातात धरून, बहुतेक वेळा ती न दाखवताच, चालत परदेशी पोचतो. जिथे प्रत्यक्ष सीमा आहे तिथे दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांची मोकळी पट्टी सोडलेली असते. तिकडचे लोक तिला ‘दसगजा’ म्हणतात. दहा गज आपले, दहा त्यांचे, आणि मध्ये सीमेचे खांब. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब आहे आणि तिला कुंपण नाही.

गंमत पुढे आहे. माणसं चालत गेली, पण यात्रा कंपनीची बस मात्र अडते. गाडीला नेपाळच्या जकातीचा, म्हणजे तिथल्या भाषेत भन्साराचा, दिवसाच्या हिशेबाने कर भरून परवाना घ्यावा लागतो. माणूस मोकळा आणि गाडी कागदांत! वणीच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही म्हणा. त्याचं द्राक्ष युरोपात जायचं तर बागेची नोंदणी, औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी नोंद, एवढं सगळं लागतं. बागेच्या मालकाला नेपाळात जायला एक कार्ड पुरतं.

आता कार्ड पासपोर्टचं काम कसं करतं ते पाहू. त्यासाठी पासपोर्ट नेमकं काय काम करतो ते सुटं करून बघावं लागतं. तो दोन गोष्टी सांगतो. पहिली उघड आहे: ही व्यक्ती कोण, जन्म केव्हाचा, चेहरा कसा. दुसरी आपल्या लक्षात येत नाही, पण सीमेवरच्या अधिकाऱ्याला तीच महत्त्वाची वाटते: हा माणूस आमचा नागरिक आहे, तुम्ही याला परत पाठवलंत तर आम्ही घेऊ. भारताच्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने इतर देशांना विनंती छापलेली असते की धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि गरज पडेल तिथे मदत करावी. म्हणजे पासपोर्ट हा एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेला शब्द असतो. शिक्के मारायला कोरी पानं असतात ती वेगळी सोय. ओळख आणि नागरिकत्व या दोन्ही गोष्टी दुसऱ्या एखाद्या कार्डावरून सिद्ध होत असतील, आणि समोरचं सरकार शिक्का मारायचं नाही असं ठरवत असेल, तर पुस्तिकेची गरज उरत नाही.

म्हणूनच नेपाळला जाताना आधार कार्ड चालत नाही आणि मतदार ओळखपत्र चालतं. कितीतरी घरांत निघण्याच्या आदल्या रात्री हा वाद होतो. आधारवर बोटांचे ठसे आहेत, डोळ्यांची नोंद आहे, ते बँकेत चालतं, रेशनला चालतं, मग नेपाळला का नाही? कारण आधार भारतात राहणाऱ्याला मिळतं. ठरावीक काळ इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. मत देण्याचा हक्क मात्र फक्त नागरिकाला आहे. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ साली, फोटोचं मतदार ओळखपत्र काढायचा आदेश निघाला तो बोगस मतदान रोखायला. सरहद्द कुणाच्या डोक्यातही नव्हती. पण त्या कार्डात नागरिकत्वाची ग्वाही आपोआप आली, आणि साखर कारखान्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या राजकारणात रमलेल्या माणसाच्या खिशात नकळत परदेश प्रवासाचा कागद येऊन बसला. त्यावर मुदत संपण्याची तारीख नाही, चिप नाही, शिक्क्याला जागा नाही.

नियमाला वयाची एक सवलत आहे, ती यात्रेकरूंच्या फार कामाची. पासष्टच्या वरचे आणि पंधराच्या आतले यांना पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशनकार्ड अशा वय आणि ओळख पटवणाऱ्या फोटोच्या कागदावर जाता येतं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या दोन वयोगटांसाठी आधारही चालेल असं स्पष्ट केलं. म्हणजे एकाच घरातल्या आजीला आधार चालतं, नातवाला चालतं, मधल्या पिढीला चालत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण यामागे सरकारने केलेला धोक्याचा अंदाज असावा: सीमेवर ज्यांची काळजी करायची ती माणसं सहसा मधल्या वयाची असतात.

या मोकळीकीचं मूळ १८१६ च्या सुगौलीच्या तहापर्यंत नेता येतं. इंग्रज आणि गोरखे लढले, इंग्रजांनी नेपाळचा मुलूख घेतला आणि सीमा आखली. पण त्यांना गोरखा शिपाई हवे होते आणि व्यापारही, त्यामुळे रेषा आली तरी भिंत आली नाही. इंग्रज गेल्यावर ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत-नेपाळ शांतता व मैत्री तह झाला. भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी, नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी सही केली. त्याच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, येणं-जाणं यांत परस्परांना सारखी वागणूक द्यायचं ठरलं. तह एवढासा आहे, जेमतेम दहा कलमांचा. दोन-तीन पिढ्यांच्या संसाराचा आधार त्यातल्या एका कलमावर आहे.

विमानात मात्र मोकळीक थोडी आवळावी लागली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर, २००० सालापासून, दोन्ही देशांमधल्या विमान प्रवासाला पासपोर्ट किंवा ठरवून दिलेलं फोटो ओळखपत्र दाखवणं बंधनकारक झालं. एवढ्या मोठ्या धक्क्यानंतरही दोन्ही सरकारांनी पासपोर्टचीच सक्ती केली नाही, कार्डाची वाट ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. घाबरलेलं सरकार असा विवेक क्वचितच दाखवतं.

आता उलट बाजूने या. नाशिकच्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा, हॉटेलच्या भटारखान्यातला आचारी, चायनीजच्या गाडीवरचा पोरगा, यांतले कितीतरी कायद्याने परदेशी नागरिक आहेत. त्यांच्याकडे व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही, आणि लागतही नाही. घरून निघताना त्यांनी ‘नागरिकता’ घेतलेली असते. नेपाळात सोळाव्या वर्षी जिल्हा प्रशासनाकडून मिळणारं ते नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. भारतात परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा असे जुने कायदे गेले. या बदलातही नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची सूट जशीच्या तशी राहिली. सिंहस्थ आता २०२६-२७ मध्ये येतोय. नेपाळचे साधू आणि भाविक त्र्यंबकेश्वरला, रामकुंडावर येतील, काही वणीच्या गडावरही जातील, ते या सवलतीवरच.

पण तिची एक बारीक अट आहे, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती हीच. ही सूट माणसाच्या वाटेला जोडलेली आहे. काठमांडूहून मुंबईला आलेल्या नेपाळी माणसाला नागरिकता पुरते. तोच माणूस दोह्याला कामाला असेल आणि तिथून थेट मुंबईला उतरला, तर त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. माणूस तोच, विमानतळ तोच, काउंटरही तोच असेल. फक्त मागचा देश बदलला. आपलंही तसंच. मतदार कार्डावर काठमांडूला पोचलेल्या नाशिककराला तिथून पुढे बँकॉकला जाता येणार नाही.

या नात्यात नाशिकचा धागा १९५० च्या तहाहूनही जुना आहे. १९४५ साली राजा त्रिभुवन यांच्या काळात नेपाळने आपल्या पहिल्या कागदी नोटा काढल्या, त्या नाशिकच्या याच प्रेसमध्ये छापल्या होत्या. पुढे नेपाळची कितीतरी टपाल तिकिटंही इथूनच गेली. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी एकास एक पूर्णांक साठ या दराने बांधलेला आहे. तिथे शंभराच्या नोटेचे एकशे साठ होतात, हा हिशेब यात्रेहून आलेल्या बायका वर्षानुवर्षं तोंडपाठ सांगतात.

बाकीच्या जगात ओळखपत्रावर सरहद्द ओलांडणारे लोक आहेत, तेही कोट्यवधी. युरोपीय संघाचा नागरिक आपलं राष्ट्रीय ओळखपत्र घेऊन लिस्बनहून हेलसिंकीपर्यंत जातो. आखाती देशांचे नागरिक एकमेकांकडे कार्डावर जातात. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांमध्ये तसंच आहे. केनिया, युगांडा, रवांडा यांनी २०१४ मध्ये आपापसात हेच केलं. आपले मराठी लोक या सगळ्या ठिकाणी आहेत, पण या सोयीत सहसा नाहीत, कारण ती नागरिकांची आहे, रहिवाशांची नव्हे. जर्मनीत नोकरी करणाऱ्या नाशिकच्या इंजिनिअरला शेजारच्या फ्रान्सला जाताना भारतीय पासपोर्ट आणि तिथला रहिवासी परवाना दोन्ही जवळ ठेवावे लागतात. त्याच्या शेजाऱ्याला पाकिटातलं एक कार्ड पुरतं.

त्या युरोपीय कार्डाकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. त्या यंत्राने वाचायच्या. कार्ड लहान असल्यामुळे त्यावर तोच मजकूर ३० अक्षरांच्या तीन ओळींत बसवतात. जगभर नियम एकच, आणि तो आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेला. या ओळींत ठिकठिकाणी एक तपासणीचा अंक लपलेला असतो. समजा जन्मतारीख १२ मार्च १९६४ आहे. ती ६४०३१२ अशी लिहितात. मग प्रत्येक अंकाला क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणायचं: ४२, १२, ०, २१, ३, २. बेरीज ८०. शेवटचा अंक शून्य, तोच तारखेपुढे छापतात. आता कुणी १२ चे २१ केले तर बेरीज ८२ होते, शेवटी २ येतात आणि यंत्र लगेच अडतं. पाचवीतल्या मुलाला करता येईल असं हे गणित, पण रोज जगातल्या सगळ्या विमानतळांवर चालू असतं. आपल्या मतदार कार्डावर अशी ओळच नाही. सोनौलीला ते तपासतात दोन डोळे.

यंत्राने न वाचता येणाऱ्या कार्डांवरचा विश्वास युरोपात मात्र संपत आलाय. २०२१ पासून तिथल्या नव्या कार्डांत चेहरा आणि दोन बोटांचे ठसे साठवणारी चिप सक्तीची आहे, आणि वर सांगितलेल्या ओळी नसलेली जुनी कार्डं ३ ऑगस्ट २०२६ नंतर प्रवासाला चालणार नाहीत असं ठरलंय. ब्रिटनने तर संघातून बाहेर पडल्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून बहुतेक युरोपीय पाहुण्यांची कार्डं नाकारली, बनावट करायला सोपी म्हणून. त्याचा फटका बसला शाळांच्या सहलींना. फ्रान्समधल्या कितीतरी मुलांकडे पासपोर्टच नव्हते. शेवटी डिसेंबर २०२३ पासून फ्रेंच शाळांच्या गटांना पुन्हा कार्डावर येऊ द्यावं लागलं.

पासपोर्ट अनादिकाळापासून आहे असं आपण धरून चालतो. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा हिंदुस्थानातून बाहेर जायला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. त्यांना अडवायला समाज होता, पैशाची चणचण होती, पण पासपोर्टची खिडकी नव्हती. सक्ती आली पहिल्या महायुद्धात. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली. तिथे ३२ पानी पुस्तिकेचा नमुना ठरला, आणि पुढे-मागे ही पद्धत बंदच करायची असंही बोललं गेलं. शंभर वर्षांत ती बंद झाली नाही. नाशिकरोडचं यंत्र फिरतंच आहे.

ज्यांना नेपाळ दूरचा वाटतो त्यांनी जनकपूरची वाट बघावी. नाशिकरोडला थांबणारी पवन एक्स्प्रेस बिहारात जयनगरला जाऊन संपते. तिथून नेपाळातल्या जनकपूरमार्गे कुर्थ्यापर्यंतची रेल्वे रुंद रुळांवर २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली, सुमारे ३५ किलोमीटरची. पंचवटीत राम-सीतेच्या वनवासाचा मुक्काम झाला असं आपण मानतो आणि जनकपूर हे सीतेचं माहेर. दोन गाड्यांनी, एक सरहद्द ओलांडून, माणूस सासुरवाशिणीच्या दुःखाच्या जागेहून तिच्या माहेरी पोचतो, एका कार्डावर.

हे असंच राहील का, हा प्रश्न खुला आहे. दोन्ही देशांनी १९५० च्या तहाचा फेरविचार करायला २०१६ मध्ये मान्यवरांचा गट नेमला. भारताकडून त्याचं नेतृत्व भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे होतं. पुढे तेच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गटाने २०१८ मध्ये अहवाल पूर्ण केला, पण तो औपचारिकपणे स्वीकारण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं रखडला. सीमेवर येता-जाता ओळखपत्राची नोंद व्हावी, असा विचार त्यात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला त्यात वावगं वाटत नाही. कार्ड दाखवून जाणं आणि न दाखवता जाणं यात फारसा फरक नाही. कार्डाच्या जागी पासपोर्ट आणि व्हिसा मागितला, तर मात्र वणीच्या आजीची यात्रा तिथेच थांबेल.

निघणाऱ्यांनी कामं आधी उरकावीत. मतदार कार्डावरचं नाव, लग्नानंतरचं आडनाव आणि वय नीट वाचून घ्यावं. चूक असेल तर फॉर्म ८ भरून दुरुस्ती करता येते, ऑनलाइन किंवा आपल्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे. जुनं काळं-पांढरं लॅमिनेट केलेलं कार्ड पुसट झालं असेल तर त्याच फॉर्मवर नवं मागता येतं. आणि पंधरा ते अठरा वर्षांचं मूल सोबत असेल, तर त्याच्याकडे मतदार कार्ड असणारच नाही. त्याच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं फोटो लावलेलं ओळख प्रमाणपत्र दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत घ्यायला हवं, कारण मग शाळेत सही करायला कुणी नसतं.